कोयनेची भेग आणि चार ओळींचं गणित

शीर्षकात 'गणित' शब्द दिसला म्हणून लगेच पान उलटू नका. पुढच्या पानावर कविता आहेत, त्या कुठे पळून जात नाहीत. आणि हे गणित खरंच चार ओळींचं आहे. त्या चार ओळी नीट समजायला मला दोन सेमिस्टर लागली, एवढंच.

आधीच एक कबुली. माझी शाळा कॉन्व्हेंटची. घोडेगावहून रोज एस.टी.नं जाऊन-येऊन बारा वर्षं काढली. 'स्ट्रेस' म्हटलं की डोक्यात आकृती उभी राहते, 'प्रतिबल' म्हटलं की परीक्षा उभी राहते. त्यामुळे या लेखात जे शब्द आपण वर्गात बोलतो तेच येतील. शुद्धलेखनाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांनी पोटात घालाव्यात.

तर गोष्ट सुरू होते आमच्या घोडेगावच्या ओट्यावर. आमच्या वरच्या अंगाला घोड नदीवर डिंभे धरण आहे, हुतात्मा बाबू गेनू सागर. धरणात जुनं आंबेगाव गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी देवळं वर येतात आणि लोक बघायला जातात. धरण वर आणि घर खाली, मधे नदी. असं असलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात एक प्रश्न कायमचा घर करून बसतो. आमच्या आजोबांच्या मनात तो जरा जास्तच पक्का बसलाय, कारण १९६१ चं पानशेत त्यांनी लहानपणी घरातल्यांच्या तोंडून ऐकलं आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे फळीवरची भांडी वाजलेली स्वतः ऐकली. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. कोयनेचा भूकंप पार मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला होता. 'कोयनेचं धरण चिरलं' ही बातमी मग गावात कशी पोचली आणि कशी वाढत गेली, हे ते अजून रंगवून सांगतात.

सेकंड इयरच्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, "तुम्ही एवढं शिकता, मग धरणाला भेग का पडते ते सांग की."

मी म्हटलं, सांगते. नुकतंच ग्रॅव्हिटी डॅमचं चॅप्टर झालं होतं, हात शिवशिवत होते. वही काढली, कोयनेचे आकडे घेतले, अर्ध्या तासात गणित केलं आणि आजोबांना ऐटीत सांगितलं, "आजोबा, हिशोबानं बघितलं तर कोयनेला भेग पडायलाच नको होती."

आजोबा म्हणाले, "पण पडली ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचा सगळा लेख त्या तीन शब्दांमुळे आहे.

आधी ते गणित. कोयना धरण रबल काँक्रीटचं, उंची १०३ मीटर. जगभर जेवढे लोक धरणातल्या भेगांवर काम करतात ते सगळे कधी ना कधी कोयनेचा छेद काढतात. भेगेचा नवीन प्रोग्रॅम लिहिला की तो आधी कोयनेवर चालवून बघायचा, हा जवळजवळ रिवाजच आहे. (आपल्या लॅबमधल्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्येसुद्धा हे उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यातलं धरण परदेशी मॅन्युअलमध्ये बघून मला उगीचच अभिमान वाटला.) अभ्यासासाठी वापरतात तो छेद असा: तळाची रुंदी ७० मीटर, माथ्याची १४.८ मीटर. पाण्याची बाजू जवळजवळ उभी. खालची बाजू तळापासून तिरकी येते आणि ६६.५ मीटर उंचीवर एकदम दिशा बदलून बरीच उभी होते. तिथे रुंदी १९.२५ मीटर. या जागेला आपण 'मान' म्हणू. धडाला मान जिथे जुळते तशीच ती दिसते, आणि भेगाही बरोबर तिथेच पडल्या. भूकंपाच्या वेळी पाणी तळापासून ९१.७५ मीटरपर्यंत होतं.

धरणाच्या लांबीतला एक मीटरचा काप घ्या, जसा आपण खरवसाचा घेतो. मानेच्या वरचा तुकडा ३६.५ मीटर उंच. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ६२१ चौरस मीटर, घनता घनमीटरला २,६४३ किलो, म्हणजे वजन झालं साधारण १,६४० टन. ते १९.२५ मीटर रुंदीवर पसरलं की दाब येतो ०.८४ मेगापास्कल. पण तुकड्याचा गुरुत्वमध्य मानेच्या मध्यावर नाही, पाण्याच्या बाजूला एक मीटरभर सरकलेला आहे. त्यामुळे पाण्याच्या बाजूला दाब वाढून १.१२ होतो आणि खालच्या बाजूला कमी होऊन ०.५६. आता मानेच्या वरचं २५.२५ मीटर पाणी ढकलतंय. त्याचा परिणाम ०.४३. पाण्याच्या बाजूला उरला ०.६९ दाब, खालच्या बाजूला झाला ०.९९. दोन्हीकडे दाबच, ताण कुठेही नाही. आणि काँक्रीट चिरतं ते ताणानं. दाब ते आनंदानं सोसतं.

मग भूकंप. कोयनेच्या डिझाइनमध्ये भूकंपासाठी ०.०५ चा गुणक धरला होता. म्हणजे धरणाच्या वजनाच्या पाच टक्के बल आडवं लावायचं, खालपासून वरपर्यंत सारखंच, आणि ते जणू कायमचं लावून ठेवलंय असं समजून गणित करायचं. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर दगड, इथे भूकंप कशाला होतोय, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. १,६४० टनाचे पाच टक्के म्हणजे ८२ टन. ते मानेपासून १७.४५ मीटर वर काम करतं. ताण येतो ०.२३. भूकंपात पाणीही धरणाला जास्तीचा रेटा देतं, त्याचं सूत्र वेस्टरगार्डनं १९३३ मध्ये दिलं. त्यानं आणखी ०.०६. एकूण ०.२९. पाण्याच्या बाजूला ०.६९ दाब होता, त्यातून हे वजा केलं तरी ०.४० दाब शिल्लक! काँक्रीटची ताण सोसायची ताकद अभ्यासात साधारण २.९ मेगापास्कल धरतात. ती वापरायची वेळसुद्धा आली नाही.

हे मी आजोबांना सांगितलेलं गणित. यात बेरीज-वजाबाकीची एकही चूक नाही. आजही पेपरात लिहिलं तर पूर्ण मार्क मिळतील.

चूक होती 'कायमचं लावून ठेवलंय' या शब्दांत.

आमच्याकडे यात्रेत मानाच्या काठ्या नाचवतात. काठी धरणाऱ्याचा हात वीतभर हलतो आणि वरचा शेंडा हात-दोन हात हेलकावतो. जमीन म्हणजे तो हात आणि धरणाचा माथा म्हणजे तो शेंडा. ०.०५ चा गुणक म्हणतो की हात आणि शेंडा सारखेच हलतात. शंभर मीटर उंचीचं काँक्रीट असं काही हेलकावतं यावर माझा आधी विश्वासच बसला नाही. पण प्रत्येक वस्तूला स्वतःचा एक ठेका असतो. कोयनेच्या या छेदाचा (पाणी न धरता) पहिला ठेका सुमारे ०.३३ सेकंदाचा आहे, म्हणजे सेकंदाला तीन झोके. भूकंपाच्या धक्क्यांत त्याच ठेक्याचे धक्के असले की झोका वाढत जातो. पाळण्याला योग्य वेळी बोट लावलं की पाळणा चढतो तसाच.

त्या पहाटे धरणाच्या गॅलरीत भूकंपमापक चालू होता, हे आपलं नशीब. त्या नोंदीतलं नदीच्या दिशेचं सर्वांत मोठं त्वरण अभ्यासात साधारण ०.४७ जी धरतात. डिझाइनमधल्या ०.०५ च्या नऊपट, आणि तेही जमिनीजवळ. माथ्याकडे जाता जाता ते आणखी वाढणार.

आता माझ्या वहीतली दुसरी ओळ, जी मी आधी लिहायला हवी होती. वरच्या तुकड्याला सरासरी १ जी त्वरण मिळालं तर मानेत ताण किती? १,६४० गुणिले १७.४५, भागिले मानेचा सेक्शन मॉड्युलस. उत्तर ४.५५ मेगापास्कल. मग उलटं विचारा: भेग पडायला किती जी लागेल? पाण्याच्या बाजूला आधी ०.६९ दाब संपवायचा, मग २.९ ताकद संपवायची, म्हणजे ३.५९. त्याला ४.५५ नं भागलं की ०.७९ जी. खालच्या बाजूला ३.८९ भागिले ४.५५, म्हणजे ०.८५ जी. (यात पाण्याचा जास्तीचा रेटा धरलेला नाही. तो धरला तर पाण्याच्या बाजूचा आकडा आणखी खाली येतो.)

जमिनीचं त्वरण ०.४७. वरचा तुकडा त्याच्या पावणेदोनपट हलला की दोन्ही बाजूंना तडे. आणि अशा धरणाच्या पहिल्या झोक्यात माथ्याचं त्वरण स्पेक्ट्रममधून मिळणाऱ्या आकड्याच्या तिपटीच्या आसपास जातं. म्हणजे भेग का पडली हा प्रश्नच राहत नाही. दोन्ही आकडे जवळजवळ आहेत हेही बघा. तुकडा एकदा खाली झुकताना पाण्याची बाजू ताणली जाते, परत येताना दुसरी बाजू. कोयनेला भेगा दोन्ही बाजूंना सापडल्या त्या याचमुळे. स्थिर बल लावून केलेल्या गणितात एकाच बाजूला ताण येतो, दोन्ही बाजूंच्या भेगा त्यातून कधीच निघणार नाहीत.

हा जो सोपा मार्ग आहे, म्हणजे पूर्ण धरणाच्या हालचालीतला फक्त पहिला झोका घ्यायचा, त्याचा आकार आधीच ठरलेला धरायचा, आणि त्यावरून आडवी बलं काढून साध्या बीमसारखं गणित करायचं, तो अनिल चोप्रा यांनी १९७८ मध्ये मांडला. बनारसला शिकलेले आणि पुढे बर्कलेला प्राध्यापक झालेले हेच ते चोप्रा, ज्यांचं डायनॅमिक्सचं जाड पुस्तक आपण लायब्ररीतून आळीपाळीनं रिन्यू करतो. त्याआधी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि चक्रवर्तींनी कोयनेचं कॉम्प्युटरवर विश्लेषण केलं होतं आणि जिथे भेगा पडल्या तिथेच मोठे ताण निघाले होते. मग फेनव्हेस आणि चोप्रांनी १९८० च्या दशकात पाणी आणि खालचा खडक धरून तो मार्ग सुधारला. लॅपटॉप नको, कॅलक्युलेटर पुरे. डिझाइनच्या पहिल्या फेरीला असं गणित फार कामाचं असतं, कारण त्यात चूक झाली तर ती दिसते. सॉफ्टवेअरमध्ये चूक रंगीत होऊन येते आणि सुंदर दिसते.

त्या रंगीत चुकीचा अनुभवही सांगते. थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला मी आणि माझ्या पार्टनरनं कोयनेचं फायनाईट एलिमेंट मॉडेल केलं. (गंमत म्हणजे क्लॉफनं १९६० मध्ये या पद्धतीला 'फायनाईट एलिमेंट' हे नाव दिलं आणि लगेच १९६२ मध्ये विल्सनबरोबर तिचा मोठा वापर केला तो अमेरिकेतल्या नॉर्फोर्क धरणावर, ज्याला भेग गेली होती. म्हणजे या पद्धतीचं बारसंच भेगेच्या मांडीवर झालं.) पहिल्यांदा चार मीटरचे एलिमेंट घेतले. भेग पडेना. आम्ही खूश. एक मीटरचे घेतले, भेग पडली. पाव मीटरचे घेतले तर आणखी लवकर पडली. सरांनी विचारलं, "धरणाला काय माहीत तुम्ही किती बारीक जाळी घेतली ते?"

कारण असं. मानेजवळ आतला कोपरा आहे. रेषीय गणितात अशा टोकदार कोपऱ्यावर ताण अनंत असतो. जाळी जितकी बारीक तितके आपण त्या अनंताच्या जवळ जातो. आणि भेग एकदा पडली की तिचं टोक म्हणजे कोपऱ्याचाही कोपरा. तेव्हा 'ताण २.९ च्या वर गेला की तुटलं' हा नियम तिथे वापरला तर उत्तर जाळी ठरवणार, काँक्रीट नाही.

यावरचा तोडगा शंभर वर्षांपूर्वीच मिळाला होता. ग्रिफिथनं १९२०-२१ मध्ये काचेवर प्रयोग करून सांगितलं की ताण बघू नका, ऊर्जा बघा. भेग पुढे जायला नवा पृष्ठभाग तयार करावा लागतो आणि त्याची किंमत मोजावी लागते. वाकलेल्या वस्तूत साठलेली ऊर्जा ती किंमत देऊ शकली तर भेग पुढे जाते, नाहीतर थांबते. घरातलं उदाहरण: जुनी साडी. फाडायला सुरुवात करताना दात लावावे लागतात, एकदा चिरली की मग सर्रकन जाते. काँक्रीटमध्ये हे आणखी सावकाश होतं, कारण भेगेच्या दोन्ही काठांमध्ये खडी अडकून राहते आणि काही काळ ओढ धरून ठेवते. हिलरबोर्गनं १९७६ मध्ये ही ओढ हिशोबात घेतली आणि बाझांतनं १९८३ मध्ये ती फायनाईट एलिमेंटसाठी इतकी सोपी केली की आपल्यासारख्यांनाही जमावी. म्हणायचं एवढंच की एका चौरस मीटर भेगेला अमुक ऊर्जा लागते, एलिमेंट लहान असो की मोठा, त्यानं तेवढीच खर्च केली पाहिजे.

यातून एक फार उपयोगी नियम निघतो. एलिमेंटची रुंदी एका मर्यादेपेक्षा मोठी असेल तर तुटायच्या आधीच त्यात साठलेली ऊर्जा भेगेच्या किमतीहून जास्त होते, आणि गणिताचा तोल जातो. ही मर्यादा म्हणजे दोन गुणिले यंग मॉड्युलस गुणिले भेगेची ऊर्जा, भागिले ताकदीचा वर्ग. कोयनेसाठी यंग मॉड्युलस ३१ गिगापास्कल, ताकद २.९ मेगापास्कल, आणि ऊर्जा चौरस मीटरला २०० ज्यूल धरली तर उत्तर येतं जवळपास दीड मीटर. आमचे पहिले एलिमेंट चार मीटरचे होते! त्या जाळीवरचं कुठलंही उत्तर घेऊन आजोबांसमोर जायला मला तोंड नव्हतं. हा एका ओळीचा हिशोब आम्ही आधी केला असता तर लॅबमधले तीन शनिवार वाचले असते. प्रोजेक्ट करणाऱ्या ज्युनिअर्सनी ही ओळ कापून टेबलावर चिकटवावी.

आता भेग पडल्यानंतर काय होतं? मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडला, कारण इथे 'डायनॅमिक' शब्दाचा खरा अर्थ कळतो.

भेग असलेली मान म्हणजे दार. एका बाजूला झुकली की भेग उघडते, परत आली की मिटते. उघडी असताना मान लवचीक, मिटली की पुन्हा ताठ. पुस्तकात याला श्वास घेणारी भेग म्हणतात. सोपं मॉडेल असं: एक वस्तुमान, एक स्प्रिंग, पण स्प्रिंगची ताकद दिशेप्रमाणे बदलते. मिटलेल्या अवस्थेत ठेका ०.३३ सेकंदाचा. समजा भेग उघडल्यावर ताठपणा चौथा हिस्सा उरला, तर त्या अवस्थेतला ठेका दुप्पट, ०.६६. अर्धा झोका मिटून आणि अर्धा उघडून, म्हणजे पूर्ण झोका ०.१६५ अधिक ०.३३, साधारण अर्ध्या सेकंदाचा. सेकंदाला तीन झोक्यांचे दोन झाले. यातून दोन गोष्टी होतात. एक म्हणजे धरण भूकंपाच्या त्या विशिष्ट ठेक्यातून बाहेर सरकतं, पाळण्याला लागणारं बोट चुकायला लागतं. दुसरी म्हणजे ठेका मोजून भेग ओळखता येते. पुलांना, यंत्रांच्या शाफ्टला, गिरणीच्या चिमणीला हाच उपाय लावतात. कुंभाराकडे मडकं घेताना आजी बोटानं वाजवून बघते, बद्द आवाज आला की ठेवून देते. तीही ठेकाच मोजते.

हे मॉडेल मी सायलॅबमध्ये पन्नासेक ओळींत लिहिलं. न्यूमार्कची १९५९ ची पद्धत, दर ०.०१ सेकंदाला एक पाऊल, प्रत्येक पावलाला एकच प्रश्न: भेग उघडी की मिटलेली? एक सावधगिरी. उघडी-मिटलेली बदल नेमका पावलाच्या मधे कुठेतरी होतो. तो तसाच सोडला तर दर झोक्याला थोडी थोडी खोटी ऊर्जा आत येते आणि दहा सेकंदांनी धरण हवेत उडतं. आमचं दोनदा उडालं. त्या पावलाचे दहा तुकडे केले की प्रकरण निवळतं.

मग आजोबांचा दुसरा प्रश्न आला, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड होता. "मान चिरली, मग वरचं डोकं पडलं कसं नाही?"

कोयनेत काही ब्लॉक्समध्ये भेगेच्या पातळीवर खालच्या बाजूनं पाणी झिरपताना दिसलं होतं. म्हणजे भेग बरीच आतपर्यंत गेली होती. आपण अगदी वाईट धरू: भेग आरपार, वरचा तुकडा नुसता ठेवलेला. स्थिर गणितानं तो खालच्या काठावरून उलटायला किती जी लागेल? गुरुत्वमध्य त्या काठापासून १०.७ मीटर आत आणि १७.४५ मीटर वर. भागाकार ०.६१. त्यात पाण्याचं ढकलणं धरलं तर ०.५२. आणि आपण तर ०.८ जीच्या वर बोलतोय! म्हणजे स्थिर गणित आता ठामपणे सांगतं की तुकडा उलटून नदीत पडला. आधी सांगत होतं भेगच पडणार नाही, आता सांगतं डोकंच पडलं. दोन्ही वेळा चुकलं आणि दोन्ही वेळा एकाच कारणानं.

कारण बल टिकत नाही. मर्यादेच्या वरचं त्वरण, समजा ०.४ जी जास्तीचं, एका झोक्यात फार तर ०.१ सेकंद राहतं. तेवढ्या वेळात वस्तू किती सरकते? अर्धा गुणिले ४ गुणिले ०.१ चा वर्ग. दोन सेंटीमीटर! मिळालेला वेग संपेपर्यंत आणखी एक-दोन धरा. तुकडा उलटायला गुरुत्वमध्य काठाच्या पलीकडे जावा लागतो, म्हणजे मीटरांच्या हिशोबात सरकावा लागतो. सेंटीमीटरभर उचलला जातो तोवर बल उलट फिरतं आणि तुकडा परत बसतो. आदळतो, कडा झिजतात, पाणी झिरपतं, पण उभा राहतो. खडबडीत भेगेत काठ एकमेकांत रुतलेले असल्यामुळे तो घसरतही नाही फारसा.

आजोबांना मी हे उंबऱ्याजवळ उभं केलेलं धान्याचं पिंप हलवून दाखवलं. झटका दिला की डुगडुगतं. तोच जोर लावून धरला की कलंडतं. (कलंडलं. बाजरी गोळा करायला संध्याकाळ गेली, आणि आईचं मत असं की इंजिनिअरिंगला घालून चूक झाली.)

कोयनेत मग भेगांमध्ये इपॉक्सी भरली, पोलादी केबल ताणून वरचा भाग खाली आवळला, आणि पुढे खालच्या बाजूनं काँक्रीटचे जाड टेकू बांधून ती मान भरून काढली. या टेकूंचं गणितही आपल्या वहीतूनच निघतं. मानेची रुंदी वाढली की सेक्शन मॉड्युलस वर्गानं वाढतो, रुंदी दुप्पट तर ताण चौथा हिस्सा. शिवाय तो अचानक वळणारा कोपराच गाडला जातो. भूकंपानंतर १९७० मध्ये आय.एस. १८९३ चा नकाशा बदलला. पुढे २००२ च्या आवृत्तीत कोयनेचा भाग झोन चारमध्ये आणि पुणे झोन तीनमध्ये होता. आपलं डिंभ्याचं काम कोयनेच्या भूकंपानंतरचं. 'पण पडली ना?' हा प्रश्न तेव्हा देशभरच्या डिझाइन ऑफिसांतून विचारून झालेला होता, असं मी आजोबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही.

मराठीबद्दल एक राहिलं. आपण सगळ्याला 'क्रॅक' म्हणून मोकळे होतो. आजोबा म्हणतात जमिनीला भेग पडते, भिंतीला चीर जाते, काचेला तडा जातो. मी विचारात पडले. भेग सुकून आकसल्यानं, चीर सावकाश ओढीनं, तडा एका झटक्यात. तीन शब्द, तीन वेगळी लोडिंग! माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत हा फरक करायला प्रत्येक वेळी विशेषण लावावं लागतं. त्या हिशोबानं कोयनेला तडा गेला, आणि या लेखाचं शीर्षक मी चुकीचं दिलंय. पण ते आधीच डी.टी.पी.ला गेलं.

आमचं घर भीमाशंकरच्या रस्त्याला लागून आहे. श्रावणात गाड्यांची रीघ लागते, एरवीही खडीचे ट्रक जातात, आणि मधल्या खोलीच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यातून वर एक चीर गेलेली आहे. इथेही आतला कोपरा, इथेही हलतं ओझं. तिच्या टोकाशी आजोबांनी पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख लिहिलीय. त्याच्या वर बोटभर अंतरावर दुसरी रेघ, दुसरी तारीख. तिसरी रेघ या दिवाळीत मी मारली, दुसरीपासून पट्टी लावून मोजलं तर चार मिलिमीटर. आजोबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "तारीख नीट लिही, वर्षासकट."